भुताचं डबिंग

पावसाळ्यात एक फोन आला. ताई, एका पिक्चरमध्ये भुताचा आवाज द्यायचाय, जमेल का? मी सतरा वर्षं डबिंग करतेय, कार्टूनमधली गाढवं केलीत, साउथच्या पिक्चरमधल्या हिरोंच्या आया केल्यात (माझ्या आवाजाला आईच मिळते, माईकवर मी तिशीतच पंचवीस वर्षांच्या पोराची आई झाले), पंख्याच्या जाहिरातीत नुसतं "अहाहा" केलंय त्याचेही पैसे मिळालेत, पण भूत कधी केलं नव्हतं. हो म्हणून टाकलं. आपल्या लाईनीत नाही म्हणायची सवय लागली की फोन यायचे बंद होतात.

पिक्चरचं नाव लिहीत नाही, लिहायचं कारणही नाही. गोष्ट अशी की वाईजवळच्या एका वाड्यात आई वारल्यावर दोन भाऊ आणि एक बहीण वाटण्या करायला जमतात, तेराव्यापर्यंत तिथंच राहायचं असतं, कुणी कुणाशी नीट बोलत नाही, आणि धाकट्या सुनेच्या अंगात काहीतरी येतं. आधी सगळ्यांना वाटतं ही नाटकं करतेय, वाटणीत नवऱ्याला कमी मिळतंय म्हणून. मग वाटतं सासूच आलीय. आणि शेवटी कळतं की सासू वगैरे कुणी नाही, विहिरीतलं काहीतरी आहे आणि ते घरातल्या मेलेल्या माणसांचे आवाज वापरतं. अर्धा पिक्चर सातबारा, सोन्याच्या पाटल्या आणि "तू आईला शेवटची दोन वर्षं बघितलंस का" यावरच आहे. मला तो अर्धाच जास्त आवडला खरं सांगायचं तर.

पडद्यावर सुनेचं काम करणारी पोरगी चांगली ॲक्ट्रेस आहे, तिच्या साध्या सीनला तिचाच आवाज. अंगात आल्यावर मात्र आवाज माझा. एकूण ३८ लूप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डबिंग म्हणजे अंधारी खोली, समोर पडदा, एक माईक, कागद ठेवायला स्टँड आणि कानात हेडफोन. शूटिंगच्या वेळी रेकॉर्ड झालेला कच्चा आवाज, त्याला पायलट म्हणतात, तो आधी ऐकवतात. त्यात संवादाच्या मागं जनरेटर, कुत्री, कुणीतरी "ए लाईट हलवू नको" म्हणतंय, सगळं असतं. मग एकेक तुकडा म्हणजे लूप लावतात, तीन बीप वाजतात आणि चौथा बीप जिथं वाजायला हवा तिथं तो वाजत नाही, तिथं तुम्ही तोंड उघडायचं. ओठ जुळले पाहिजेत, श्वास जुळला पाहिजे, आणि हे सगळं करताना ॲक्टिंगही झाली पाहिजे. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट दादा आणि डायरेक्टर. ते टॉकबॅकचं बटण दाबून बोलले तरच तुम्हाला ऐकू येतं, बाकी वेळ ते दोघं काचेमागं मान हलवताना दिसतात आणि तुम्ही मनात म्हणता, गेला वाटतं टेक.

जायच्या आधी मी अभ्यास म्हणून 'द एक्झॉर्सिस्ट' परत बघितला, १९७३ चा. त्यात अंगात सैतान शिरलेल्या मुलीचं काम लिंडा ब्लेअरनं केलंय पण सैतानाचा जो आवाज आहे तो मर्सिडीज मॅकॅम्ब्रिज नावाच्या बाईचा, मूळची रेडिओवरची नटी, आधीच ऑस्कर मिळालेली. तो आवाज काढायला ती कच्ची अंडी गिळायची, सिगरेटी ओढायची, दारू प्यायची. आणि एवढं करून पिक्चर लागला तेव्हा पाटीवर तिचं नाव नव्हतं, त्यासाठी तिला भांडावं लागलं. हे वाचून मी आधी प्रॉडक्शनवाल्या मुलाला फोन केला, बाबा रे माझं नाव टाकणार आहात ना? तो म्हणाला, ताई टाकणार, टाकणार. त्याच पिक्चरमध्ये मुलीचं डोकं गर्रकन फिरतं तिथला कडकड आवाज जुनं चामड्याचं पाकीट माईकजवळ पिळून काढलाय. आणि मला विचाराल तर त्या पिक्चरमध्ये सगळ्यात भीती सैतानाची नाही वाटत, हॉस्पिटलमध्ये त्या पोरीच्या मानेत सुई घालून तपासणी करतात आणि आई बाहेर उभी असते त्याची वाटते. आईला कुणी धड काही सांगत नाही. असो, विषय भरकटला.

पहिला दिवस. डायरेक्टर माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, पण शांत मुलगा. म्हणाला, ताई, थोडं हेवी पाहिजे, घोगरं. मी घोगरं दिलं. अजून घोगरं, अजून. घोगरा आवाज दोन तऱ्हांनी निघतो, एक म्हणजे सकाळी उठल्यावरचा खर्ज, तो खरा गळ्यातला, त्याला त्रास होत नाही, आणि दुसरा म्हणजे स्वरपट्ट्यांच्या वरचा भाग आवळून काढायचा गुरगुराट, तो ऐकायला दमदार पण दहा मिनिटांत घसा सोलून निघतो. मी हौसेनं दुसरा धरला. शिवाय आत घेताघेता बोलायचं. म्हणजे आपण श्वास सोडताना बोलतो ना, तर श्वास ओढताना बोलून बघा, "ये... इकडे" एवढंच, घरच्यांच्या अंगावर काटा येतो की नाही बघा. ते डायरेक्टरला फार आवडलं, म्हणून सगळ्या धापा टाकायच्या जागा पण तशाच करू या असं ठरलं, चार लूप सलग धापा टाकल्यावर माझ्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, ओठ बधिर झाले, आणि मी खरंच स्टँड धरून खाली बसले. रेकॉर्डिस्ट दादा धावत आत आला. त्याला वाटलं आता हिच्या अंगात आलं! काही नाही हो, जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, त्यानं होतं ते. दोन मिनिटं शांत बसलं की जातं. पण ऑफिसबॉयनं त्या दिवसापासून मला चहा दारातूनच दिला, आत आला नाही.

अकरा लूप झाले. संध्याकाळी ऐकवलं. आणि खरं सांगू, भंकस होतं. म्हणजे मेहनत दिसत होती पण भीती नव्हती. दादानं प्लगइन टाकून पिच खाली करून बघितला, तर भूत कमी आणि सेल उतरलेला टेपरेकॉर्डर जास्त. डायरेक्टर म्हणाला, उद्या बघू. रात्री घरी पोचेपर्यंत माझा आवाज बसला. गरम पाणी, ज्येष्ठमध, वाफ, सगळं करून सकाळी नुसती हवा. ईएनटीकडे गेले, त्यांनी नळी घालून बघितलं, स्वरपट्ट्या लाल, सुजलेल्या. पाच दिवस गप्प बसा म्हणाले, आणि कुजबुजायचं पण नाही, कुजबुजण्यानं उलट जास्त ताण येतो. मी पाटीवर लिहून नवऱ्याला डाळ कुठंय ते सांगत होते. तो म्हणाला, किती वर्षांनी घरात शांतता आहे. पुसून टाकलं मी ते सगळं आणि एकच शब्द लिहिला, तो इथं लिहीत नाही.

तर त्या पाच दिवसांत आक्का आठवली.

आक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. कराडजवळ आमचं गाव. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूल नाही, ती माहेरी आली ती शेवटपर्यंत आमच्याच घरात. पहाटे उठून शेण काढण्यापासून रात्री मागची भांडी आवरण्यापर्यंत सगळं तिच्याकडं, आणि हे सगळं इतकं न बोलता की आम्हा पोरांना आक्काचा आवाज कसाय हे सांगता आलं नसतं. फक्त नवरात्रात, आणि कधीकधी अवसेला, तिच्या अंगात यायचं. आमच्याकडं वारं येतं म्हणतात. आरती चालू असताना ती आधी नुसती एका पायावरून दुसऱ्यावर झुलायची, मग अंबाडा सुटायचा, मग घुमणं. आणि मग बोलणं. आबांना, म्हणजे स्वतःच्या बापाला, "ए पोरा" म्हणायची. ज्या आबांसमोर ती एरवी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही ते आबा तिच्या पायावर डोकं ठेवायचे, आई हळदकुंकू लावायची, काका हात जोडून "काय चुकलं माकलं" विचारायचा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत शेण. कुणी त्यावर एक शब्द बोलायचं नाही, तीही नाही.

एकदा तिला गाणगापूरलाही नेलेलं, कुणीतरी सांगितलं ही देवी नाही, बाधा आहे. मी सात-आठ वर्षांची असेन, सोबत होते. दुपारच्या आरतीला तिथं अशी बरीच माणसं आलेली, काही जणी किंचाळत होत्या, एक बाई सरसर खांबावर चढली. आक्का मात्र एकदम शांत उभी होती, पदर सारखा करून, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "किती वरडत्यात गं." मग संगमावर आम्ही दोघींनी भजी खाल्ली. तिनं दोन प्लेट खाल्ल्या. मला हे लक्षात राहिलंय कारण घरी मी तिला कधी खाताना बघितलंच नव्हतं.

मला ते आठवतंय तसं तिच्या अंगात आल्यावरचा आवाज काही घोगराबिगरा नव्हता. उलट एरवीपेक्षा साफ. हळू, जरा हसल्यासारखा, कशाची घाई नाही असा. एक वाक्य ती हमखास म्हणायची, "झाली का समद्यांची जेवणं? आता मी बसते." आणि पाटावर बसायची. मग तिच्यापुढं नैवेद्याचं ताट यायचं, साजूक तूप घालून.

माझी एक मैत्रीण मानसोपचारतज्ज्ञ आहे, तिला मेसेजवर विचारलं (बोलायचं नव्हतंच). ती म्हणाली, डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या यादीत, अशा अवस्थेचं वेगळं निदान आहे, पण ते तेव्हाच लावायचं जेव्हा ते माणसाच्या इच्छेबाहेर होतं, त्याला त्याचा त्रास होतो आणि ते त्याच्या समाजातल्या रूढ धार्मिक विधीचा भाग नसतं. मग आक्काचं काय म्हणायचं? ती म्हणाली, न बघता नाही सांगता येणार, आणि आता बघणार कशी. बरोबर आहे. आक्का जाऊन आता एकोणीस वर्षं झाली.

सहाव्या दिवशी स्टुडिओत गेले आणि डायरेक्टरला म्हटलं, गुरगुराट फक्त मारामारीच्या सीनला ठेवू, बाकी मला साधं करून बघू दे. तो नाखूश होता. भूत आहे ताई, लोक पैसे देऊन येणार. पण ऐकलं त्यानं. आधी देवऋषीचा सीन घेतला. त्यात घरचेच लोक सुनेला खांबाला बांधतात आणि देवऋषी मिरचीची धुरी देतो, केस धरून मारतो. हा सीन कसा ठेवायचा यावर त्यांच्यात शूटिंगच्या आधीच बरीच वादावादी झालेली म्हणे, कारण आपल्याकडं २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाला आणि चारच दिवसांनी अध्यादेश निघाला तोच तो, त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम हे आहे, भूत उतरवायच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, सगळं नावानिशी. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. पिक्चरमध्ये दाखवणं म्हणजे काही गुन्हा नाही, पण ते करणारा हिरो ठरता कामा नये एवढं डायरेक्टरच्या डोक्यात पक्कं होतं, म्हणून त्या सीनमध्ये कॅमेरा सगळा वेळ थोरल्या सुनेवर आहे, जी मिरच्या आणून देते आणि नंतर हात धूत बसते. मला पडद्याबाहेरून नुसतं खोकायचं होतं. खोकणं सोपं वाटतं ना? सत्तावीस टेक. खोटा खोकला लगेच कळतो. शेवटी दादानं कँटीनमधून खरीच तिखट भजी मागवली आणि ठसका लागला तो ठेवला.

त्याच दिवशी फोलीवाले काका, म्हणजे वस्तू वाजवून पडद्यावरचे बारीकसारीक आवाज काढणारे, पण पलीकडच्या खोलीत होते. त्यांनी हाडं मोडल्याचे आवाज ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या शेवग्याच्या शेंगा मोडून काढले. संध्याकाळी त्यातल्या धड राहिलेल्या शेंगा मी घरी नेल्या. आमटी झाली.

आणि मग शेवटचा सीन. तेरावं आहे, पंगत उठलीय, दोघं भाऊ कागदांवर सह्या करून बसलेत, धाकटी सून माजघरातून येते, केस मोकळे, आणि उष्ट्या पत्रावळ्यांच्या ओळीकडं बघून म्हणते. कागदावर संवाद होता, "सगळे जेवलात? आता मी बसते." भूत आता या सगळ्यांना खाणार, असा अर्थ. मी कागद आधी वाचलेला होता, महिनाभर माझ्याकडं होता, पण हे वाक्य माझ्या डोळ्यांखालून नुसतं गेलेलं. त्या दिवशी स्टँडवर बघितलं आणि पोटात कसंतरी झालं.

लेखकाला विचारलं नंतर. तो म्हणाला, त्याच्या आजोळी सगळ्यात शेवटी जेवायला बसणाऱ्या बायका असंच म्हणायच्या. माझ्या आत्याचं त्याला काय माहीत असणार.

तीन बीप वाजले. मी माईकपासून एक पाऊल मागं सरकले, कारण आक्का कधी कुणाच्या जवळ येऊन बोलायची नाही, आणि तिच्यासारखं म्हटलं. "झाली का समद्यांची जेवणं? आता मी बसते." ओठ जुळले नाहीत अर्थात, शब्दच वेगळे. काचेपलीकडे दादानं हेडफोन काढून गळ्यात घेतला आणि काहीच बोलला नाही. डायरेक्टरनं बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. म्हणाला, ताई, कागदावरचं वाक्य याच टोनमध्ये द्या. दिलं. तिसऱ्या टेकला सिंक झालं. "बसते" मधल्या "ते"वर पडद्यावरच्या पोरीचे ओठ थोडे आधी मिटतात, नीट बघितलंत तर दिसेल, पण तो म्हणाला राहू दे.

मिक्सिंगला मला कुणी बोलवत नाही, पण मी गेले. गुरगुराटाचे तीन-तीन थर लावले होते, मूळ आवाज, आत ओढलेला श्वास आणि खाली कुजबूज, मारामारीला ते छान बसलंय. या वाक्याला मात्र काहीही लावलं नाही. दादानं एकच गोष्ट केली, अख्ख्या सीनभर मागं रातकिडे आहेत, ते वाक्याच्या दोन सेकंद आधी बंद केले. बंद झालेले कळत नाहीत. आपण पुढं सरकून बसतो एवढंच.

सेन्सॉरचं यूए १६+ मिळालं. पूर्वी नुसतं यूए असायचं, २०२४ पासून त्याचे ७+, १३+, १६+ असे तुकडे झालेत. म्हणजे माझ्या पोरीला मी सोबत नेऊ शकत होते पण ती म्हणाली, आई, मी तुला रोज घरी ऐकते, पैसे कशाला घालवू. नाव आलं शेवटी पाटीवर, "विशेष आवाज" म्हणून, आडनावात एक वेलांटी चुकलीय. भांडले नाही, मॅकॅम्ब्रिजबाईंइतकी ताकद नाही आपल्यात.

आईबाबांना मी नेलं. बाबा आता ७६ चे आहेत, हॉरर वगैरे त्यांना आवडत नाही, पूर्वार्धात ते दोनदा बाहेर जाऊन आले आणि एकदा जोरात म्हणाले की अशी वाटणी कोर्टात टिकणार नाही, पुढचा माणूस मागं वळून हसला. शेवटच्या सीनला मी पडद्याकडं बघत नव्हते, त्यांच्याकडं बघत होते. रातकिडे बंद झाले. वाक्य झालं. बाबांनी काही केलं नाही, मांडीवरची पॉपकॉर्नची पुडी उचलून खाली ठेवली फक्त. परत येताना पार्किंगचे ऐंशी रुपये घेतले यावर गाडीत चिडचिड, पिक्चरबद्दल एक शब्द नाही. आई म्हणाली तुझा आवाज ओळखू आला नाही बाई.

रात्री अकराला मी पाणी प्यायला उठले तर बाबा गॅलरीत फोनवर होते, गावाकडं काकांशी. एवढ्या रात्री म्हणून मी घाबरले, थांबले दारात.

"अरे न्हाई, समदं ठीक हाय इकडं," ते म्हणत होते. "एक इचारायचं हुतं. आक्का आपल्याकडं जेवायला कधी बसायची रे? म्हंजी किती वाजता?"

पलीकडं काका बराच वेळ काही बोलले नसावेत.

"मला बी न्हाई आठवत," बाबा म्हणाले.